मागितलेला आकडा

बाबांचं वाक्य मधेच गेलं. म्हणजे माणूस बोलता बोलता अडखळतो, खोकतो, कुणी दार वाजवतं म्हणून थांबतो, तसं नाही. 'तुझ्या आईला सांग, मला ते ऑपरेशन' इथपर्यंत टॅबमधला तो माणूस छान बोलला आणि पुढे नुसता काळा पडदा. बाबांचं बोट हवेतच. पुढचं अक्षर दाबायला निघालेलं बोट, खाली काहीच नाही म्हणून वरच थांबलेलं, आणि शपथ सांगते, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत कोपऱ्यात विजेची खूण होती, हिरवीगार, चार्जिंग चालू. वायर लावलेली. मी स्वतः बघत होते, कारण टॅबमधला माणूस बोलत असला की आम्ही सगळे टॅबकडेच बघतो, बाबांकडे नाही, ही आमच्या घराला लागलेली सवय आहे. आत न्हाणीघरात आईचा नळ सुरू होता आणि तेवढ्यासाठीच बाबांनी ती वेळ धरली होती हे मला नंतर कळलं. पण बाबा म्हणजे बाबा, मुद्द्याला येण्याआधी मुद्द्याच्या पणजोबापासून सुरुवात. झोप झाली का. बुटाचा टाचेकडचा भाग परत उचकटलाय का. बस वेळेवर मिळते का हल्ली. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, आणि शब्द पुरा झाला की टॅब तो बोलणार. मी आपली हो हो करतेय, चहा ढवळतेय, एक डोळा घड्याळावर. आणि मग ते वाक्य आलं आणि गेलं. मी वायर हलवली, बटण दाबून धरलं, काही नाही. आतला नळ बंद झाला. बाबांनी वायर काढून टॅब पालथा घातला, अगदी हळू, झोपलेल्या पोराला कुशीवर वळवतात तसा. मी पटकन, खालच्या आवाजात विचारलं, "नको, असंच ना बाबा? ऑपरेशन नको?" आणि बाबांनी मान हलवली. हलवली म्हणजे, हलली. आई ओले केस बांधत बाहेर आली. "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "काही नाही गं."

बसमध्ये मला उभं राहायलाही जागा होती आणि बसायलाही, तरी मी उभीच राहिले. आज चार वाजता डॉक्टरांकडे जायचं होतं. शेवटचं. म्हणजे डॉक्टरांनी मागच्या वेळीच सांगितलं होतं, कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलेल्यांच्या घशात बसवतात ती छोटी झडप बसवायची असेल तर आता, नाही तर त्या जागेचं पुढे काही खरं नाही. रेडिएशन झालेलं मांस दिवसेंदिवस कडक होतं, मग मी हात लावणार नाही. झडप बसली की मानेवरच्या भोकावर बोट ठेवून बोलता येतं. घोगरं, तुटक, पण स्वतःचं. नाही बसली, नासली, गळायला लागली, तर पुन्हा नळी, पुन्हा पातळ जेवण, पुन्हा सगळं. आई म्हणाली नको. आई म्हणाली, चाललंय ना सगळं, टॅब आहे, माणूस घरी आहे, हिंडतोय फिरतोय, कशाला पुन्हा भोसकाभोसकी. आणि बाबांकडे वळून म्हणाली, हो ना? बाबांनी मान हलवली. तेव्हाही. बाबा सगळ्यालाच मान हलवतात. भाजी आवडली का, मान. पंखा वाढवू का, मान. एवढ्यातेवढ्यासाठी एका बोटानं कोण टाइप करत बसणार. म्हणजे त्या मानेचा अर्थ काय हे आपण ठरवायचं आणि आम्ही ते इतक्या झटपट ठरवायचो की बाबांना बहुतेक आमचं उत्तर ऐकूनच कळायचं की आपण काय म्हणालो. पण माझं म्हणणं वेगळं होतं. मला राग याचा होता की नको तर नको, पण ते आईनं का सांगायचं? बाबांनी सांगू दे. त्यांचा गळा, त्यांचं नको. खांब धरून उभी राहून मी डॉक्टरांपुढे करायचं सगळं भाषण मनात घोकत होते, माझ्या वडलांना काय हवंय ते त्यांच्याकडूनच ऐका वगैरे, आणि प्रत्येक वेळी भाषणाच्या शेवटी मनातले बाबा ताठ बसून म्हणायचे, नको.

खरं सांगू, तो टॅब मी आणलेला. आमच्याच ऑफिसचा. म्हणजे वरचं कवच दुसऱ्यांचं, पण आत जे चालतं ते आमचं. दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा पाटीवर लिहायचे, पुसायचे, लिहायचे, आणि आई खडूच्या धुळीनं वैतागली होती, तेव्हा मी ऐटीत तो टॅब टेबलावर ठेवला. त्यात पुरुषाचे तीन आवाज होते. बाबांनी तिन्ही ऐकले, दुकानात बूट घालून बघतात तसे पुन्हा पुन्हा, आणि दुसरा निवडला. मी विचारलं, हा का? तर त्यांनी टाइप केलं, 'बाकीचे दोघे उधार मागायला आल्यासारखे वाटतात.' आणि पुढे टाइप केलं 'हाहाहा', आणि तो दुसरा माणूस सरळ आवाजात, पाण्याचा टँकर उशिरा येणार असल्याची सूचना द्यावी तसा म्हणाला, हा, हा, हा. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. बाबा हसले तेव्हा फक्त हवेचा आवाज आला, मानेतून, सुस्कारल्यासारखा. आई हसता हसता थांबली आणि ओट्याकडे वळली. तेव्हापासून ती बाबांच्या तोंडाकडे बघत नाही. बघते, पण कपाळाकडे, चष्म्याकडे. बाबांचा आवाज म्हणजे काय होता म्हणून सांगू! तीस वर्षं माणसांना गाडी शिकवली त्यांनी. सोसायटीतल्या पोरांना आम्ही खेळताना त्यांचा आवाज काढून घाबरवायचो. ब्रेक! क्लच! आरसा बघ! मी नोकरीला लागले आणि म्हटलं की बाबा, मी ड्रायव्हर लिहिते, तर म्हणाले, "अगं मग आपला एकच धंदा, मी नुसते घडवतो." सगळ्यांना सांगत सुटले, मुलगी ड्रायव्हर लिहिते. शेजारच्या आजींना वाटलं मी गाडी चालवणाऱ्यांच्या हजेऱ्या लिहिते.

आता मी काय करते हे तुम्ही दर वेळी विचारता आणि मी सांगायला लागले की फोन काढता, पण आज ऐकाच, कारण सगळं त्यातच आहे. टॅबच्या पोटात चार्जिंगची एक चिप असते. आमचा ड्रायव्हर म्हणजे एक छोटा प्रोग्राम, ती चिप आणि वरचा पडदा यांच्यामधला दुभाषा. चार्जर लावला की चिप त्याला चाचपडते, तू कोण? कॉम्प्युटरचं साधं भोक असेल तर पाचशे मिलिअँपिअर, भिंतीतला दणकट चार्जर असेल तर पंधराशे. दुभाष्या चिपला सांगतो, पंधराशे घे. आणि वर पडद्याला सांगतो, पंधराशेची मर्यादा आहे. पडदा खूश, विजेची हिरवी खूण दाखवतो, टक्के लपवतो, 'बॅटरी कमी' हा इशारासुद्धा दाबून टाकतो, कारण पोटभर जेवणाऱ्याला भूक लागली का म्हणून कोण विचारतं. पण चार्जर जर सोंगाड्या असेल? म्हणजे वायरींची जोडणी दणकट चार्जरसारखी आणि अंगात ताकद नाही, आमच्या स्वयंपाकघरातल्या त्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डासारखा, ज्यात बाबांची वायर असते? तर चिप हुशार असते, ती ओढून बघते, समोरच्याचा जीव जायला लागला की आपणच हात आखडता घेते. पंधराशेवरून हजार, हजारावरून पाचशे. गुपचूप. आणि बाबांचा टॅब, पडदा लख्ख, आवाज मोठा, पाचशेपेक्षा कितीतरी जास्त खातो. मग वायर लावलेली असूनही बॅटरी उतरत राहते. इथवर काही चूक नाही. चूक पुढे आहे, आणि ती मी ऑफिसात पोचल्यावर चप्पलसुद्धा नीट न काढता शोधली. वर आकडा कळवण्याची जी ओळ आहे ना, ती चिपला विचारतच नाही. आम्ही जो आकडा मागितला होता तो ती जपून ठेवते आणि पडद्यानं विचारलं की तोच देते. पंधराशे मागितले होते ना? मग पंधराशे. मिळाले का हे बघायला कुणी खाली जातच नाही.

आमच्याकडे चाचणीला एक मुलगी आहे, तिला सगळे शंका म्हणतात. तिचं काम वस्तू मोडणं, आणि ते ती मन लावून करते. तिच्या खणात जगातले सगळे भिकार चार्जर आहेत, तिचं माहेरच ते. मी म्हटलं, "एक सोंगाड्या बोर्ड दे." तिनं न बघता हात घालून काढून दिला. टॅब लावला, मधे मीटर. पडद्यावर वीज, मीटरवर पाचशेला टेकता टेकता राहणारा आकडा, थरथरणारा.

"ही तक्रार मी कधीच टाकलीये," शंका म्हणाली. "तुमच्या गुरुजींनी 'नंतर' या डब्यात टाकलीये. त्या डब्याला तळ नाही."

"नंतर म्हणजे कधी?"

"पडदा बंद असताना लोक चार्ज करतात, मग कुणाच्या लक्षात येणार, असं म्हणाले. म्हटलं, वायर लावून सतत वापरणारा एखादा असेलच की. म्हणाले, असा कोण असतो?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काय गं? पांढरीफटक का पडलीस?"

मी पाणी प्यायले. असा कोण असतो. माझ्या डोळ्यांपुढे तो बोर्ड, त्यावर तेलकट बोटांचे डाग, टेबलाच्या त्याच कडेला बाबांची खुर्ची, कारण तिथून खिडकी दिसते आणि खिडकीतून रस्ता. बाबा दिवसभर तिथे बसून लोकांच्या गाड्या लावण्याला मनातल्या मनात नावं ठेवतात. आणि मी कितीदा म्हटलंय त्यांना, बाबा, वायर लावून बोलत जा, म्हणजे काळजी नाही. म्हणजे त्यांची किती वाक्यं अशी गेली असतील? आणि त्यांना वाटलं असेल मशीन आहे, दमलं असेल. तक्रार केली नाही. कशी करणार, तक्रार करायचं यंत्रच तर बंद पडलेलं. मी दुरुस्ती लिहायला घेतली. तशी छोटीच. वरून कुणी विचारलं की खाली जायचं, चिपला विचारायचं, बाई, खरं किती मिळतंय? ती सांगेल तो आकडा वर द्यायचा. आणि चिपचं अजून चाचपडणं चालू असेल, तिलाच ठाऊक नसेल, तर मागचा-पुढचा आकडा ठोकून द्यायचा नाही, 'माहीत नाही' म्हणायचं. तशी सोय आहे हो ड्रायव्हरात, माहीत नाही असं अधिकृतपणे सांगायची. फार कमी लोक वापरतात. बोटं भराभर चालत होती, कारण आज दुपारी नवी आवृत्ती सगळ्यांच्या टॅबवर जायची होती आणि वीज-बॅटरीच्या भागाला माझा होकार लागणार होता. दोनच बटणं. हो, नाही.

गुरुजी म्हणजे आमचा प्रमुख. वय काही फार नाही, पण बोलता बोलता दुसऱ्याची वाक्यं दुरुस्त करतो म्हणून गुरुजी. त्यानं माझी दुरुस्ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाला, "बरोबर आहे. एक शब्द बदलण्यासारखा नाही." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मग म्हणाला, "पुढच्या खेपेला घेऊ."

"का?"

"विचार कर ना. काल रात्री ज्याच्या टॅबवर विजेची खूण होती, त्याला उद्या सकाळी 'हळू चार्ज होतंय, टक्के कमी होतायत' असं दिसणार. तो काय म्हणेल? माझा बोर्ड भिकार आहे म्हणेल? नवीन आवृत्तीनं वाट लावली म्हणेल. तुझ्या खऱ्या आकड्यानं एवढंच होईल की हजार लोकांना वाटेल आपण त्यांचा टॅब बिघडवला."

"पण तो आधीपासूनच तसा आहे!"

"हो. पण त्यांना माहीत नाहीये." हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की त्यालाही ते ऐकू गेलं असावं, कारण त्यानं चष्मा परत खाली घेतला. गुरुजी वाईट माणूस नाहीये हो. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दवाखान्यात जेवणाचा डबा घेऊन आलेला. तो खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "आज डॉक्टरांकडे जायचंय ना तुला? हो दाब आणि नीघ. इथलं मी बघतो. एवढ्याशा आकड्यासाठी आज जीव जाळू नकोस." हे असं मायेनं कुणी बोललं की माझी मान आपोआप हलायला लागते. हललीच. अर्धी. म्हणजे मला जाणवलं, मानेच्या मागचा स्नायू, तो खाली ओढणारा, आणि त्याच क्षणी सकाळची बाबांची मान आठवली. ती मान हो म्हणत होती का? की नुसती एवढंच म्हणत होती की जाऊ दे, तुला बस पकडायचीये? मी बाबांना विचारलं काय होतं, तर नको ना. उत्तर मीच घातलं होतं प्रश्नात. पण हा विचार मी पुरा केला नाही. टाळला. म्हटलं, नाही, बाबांना नकोच आहे, दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी जिन्यात बसून रडले होते, मी पाहिलंय, परत तिकडे कोण जाईल. गुरुजी माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, "नाही." आणि बटण दाबलं. त्याचा चेहरा बघायला थांबले नाही. जिन्यातच खिशात फोन थरथरायला लागला आणि दुपारभर थांबलाच नाही.

घरी आले, लॅपटॉप उघडला आणि बाबांच्या टॅबवर माझा नवा ड्रायव्हर चढवला. आई म्हणत होती, निघायचं सोडून हे काय काढून बसलीस, टॅबमध्ये परवापर्यंत तर काही बिघाड नव्हता. बाबा खुर्चीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, मानेला रुमाल. काम संपेपर्यंत टॅब सकाळसारखाच मरतुकडा, लॅपटॉपकडून मिळेल तेवढं थेंब थेंब पीत. आणि घाईत चांगला चार्जर निजायच्या खोलीतच राहिला, हे टॅक्सीत कळलं. टॅक्सीत बाबा पुढे बसले. त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबत होता. चालकानं पाहिलं आणि म्हणाला, "काका, भरवसा ठेवा," आणि बाबांनी मान हलवली आणि पुढच्या सिग्नलला परत दाबला. आई माझ्याजवळ, पर्स दोन्ही हातांनी धरून. खिडकीबाहेर बघत ती मला म्हणाली, "मीच सांगते डॉक्टरांना. यांना उगाच टाइप करायला लावू नकोस, दमतात. तू मधे बोलू नकोस." मी म्हटलं, "बाबा सांगतील ना त्यांचं ते." ती म्हणाली, "त्यांचं माझं वेगळं आहे का?" आणि खरंच तिला तसं वाटत होतं. मला दिसत होतं, तिचा अंगठा पर्सच्या चेनवर मागेपुढे, मागेपुढे. रात्र रात्र नळी साफ केलेला अंगठा. मला तिच्याशी भांडताही येईना.

डॉक्टरांच्या टेबलाला एका कडेला चार्जिंगचं भोक होतं. मी बाबांचा टॅब तिथे लावला आणि सुरू केला. चिपनं चाचपडायला घेतलं आणि तेवढा वेळ कोपऱ्यात काहीच नव्हतं, वीज नाही, आकडा नाही, आणि मग आलं. हिरवी खूण नाही. लाल अक्षरांत चार टक्के, आणि खाली, 'वापर चालू राहिल्यास आठ मिनिटं.' वरचा पडदा बिचारा तयारच होता, कुणी खरं सांगण्याचीच वाट बघत होता. माझ्या आनंदाला आणि भीतीला एकदमच ऊत आला. बाबांनी ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरंय बाबा. तेवढंच आहे."

डॉक्टर म्हणजे उंच, सावकाश बोलणाऱ्या बाई. त्यांनी घसा तपासला, हातमोजे काढले, बसल्या. "मग? काय ठरवलंत?"

"नको म्हणतायत," आई म्हणाली. "आमचं बोलणं झालंय. आहे त्यात सुखी आहेत ते."

"हो का, काका?"

आणि बाबांची मान हलायला लागली. मी ती हलताना पाहिली, सुरुवात होताना, हनुवटी रुमालाला टेकायला निघालेली. आई म्हणाली, "बघा." मी म्हटलं, "आई, थांब ना," इतक्या जोरात की बाहेर कुणीतरी बोलायचं थांबलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहानपणीच्या एखाद्या फुटलेल्या बरणीपाशी उभी असावी. बाबांनी टॅब पुढे ओढला. 'नमस्कार डॉक्टर. तुमच्या आईंची तब्येत' टॅब म्हणाला, आणि माझ्या जिवाची नुसती तगमग, अहो बाबा, आत्ता नाही, आत्ता पणजोबा नकोत! सात मिनिटं. बाबांचं बोट थांबलं. त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. मग सगळं खोडलं. खोडायला किती वेळ जातो माहितेय? एकेक अक्षर. डॉक्टर घाई करत नव्हत्या. आई पर्सकडे बघत होती. मी ते 'नको' ऐकायला इतकी टपून बसले होते की बाबांच्या बोटाच्या आधी मीच 'न'वर पोचले होते.

"मला ऑपरेशन पाहिजे," टॅबमधला माणूस म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. खरंच. मला 'नको' ऐकू आलं. मग डॉक्टरांच्या भुवया वर गेलेल्या दिसल्या आणि मग ते वाक्य माझ्या कानात उलटं फिरून परत आलं. बाबा थांबले नव्हते. "भीती वाटते. तरी पाहिजे. हा माणूस मी नाही." आणि मग माझ्याकडे एकदा बघून, आणि हे बघणं मी विसरणार नाही, त्यात राग नव्हता, उलट माफी मागितल्यासारखं काहीतरी, "पोरीनं खूप केलं. पण हा माणूस मी नाही." असं सरळ सपाट आवाजात, मीच आणलेल्या, मीच सजवलेल्या, आज सकाळपासून ज्याच्यासाठी नोकरी पणाला लावून बसले होते त्याच आवाजात. माझे कान तापले. मला वाटलं, काहीतरी बोलावं, की बाबा, अहो पण आता तो नीट चालेल, मी दुरुस्त केलाय. आणि मग मी दिवसभर मनात बसवलेले ते दुसरे बाबा, ताठ बसून नको म्हणणारे, ते कुठून आले होते हे मला एकदम, लख्ख कळलं. आईनं एक आकडा धरून ठेवला होता, मी एक. दोघींचाही एकच निघावा यात नवल ते काय. खाली जाऊन विचारायला कुणाला सवड होती.

डॉक्टर म्हणाल्या, "धोका तुम्हाला माहितेय?"

"माहितेय."

"नासलं तर पुन्हा नळी."

"माहितेय."

"ठीक," त्या म्हणाल्या, आणि कॅलेंडर जवळ ओढलं.

आईचा अंगठा थांबला होता. मग ती बाबांकडे वळली आणि तिचा आवाज असा काही फाटला की मी तो कधी ऐकला नव्हता. "मग माझ्यापुढे मान का हलवलीत तुम्ही? मी विचारलं होतं ना? रोज विचारत होते ना मी? इतके दिवस मी सगळ्यांना सांगत फिरले, की यांना नको आहे. मला का नाही सांगितलंत?"

पाच मिनिटं, लाल अक्षरांत. बाबांनी बोट उचललं. टॅबवर ठेवलं. एक अक्षर उमटलं, मग त्यांनी ते खोडलं आणि टॅब बाजूला सारला, माझ्याकडे, चालू असलेला तसाच. दोन्ही हातांनी त्यांनी आईचं तोंड आपल्याकडे वळवलं. आई कपाळाकडे बघायला लागली, चष्म्याकडे, तर त्यांनी तिची हनुवटी थोडी खाली केली, शिकाऊ माणसाला रस्ता इकडे आहे हे दाखवावं तशी, आपल्या ओठांपाशी. आणि बोलले. आवाज कुठला, नुसते ओठ, आणि मानेतून हवा. आई बघत राहिली. म्हणाली, "हळू. परत." बाबा परत बोलले. लांबलचक होतं ते, बाबांसारखंच, कुठून कुठून सुरू झालेलं असणार. आईचे ओठही त्यांच्याबरोबर हलायला लागले, थोडे मागून, आणि मग तिनं डोळे मिटले आणि उघडले आणि म्हणाली, "वेडे आहात का तुम्ही," आणि बाबा अजून बोलतच होते.

मी त्यांच्या बाजूला बसले होते. थोडं पुढे झुकले असते तर मलाही ओठ दिसले असते, आणि ओळखताही आले असते बहुतेक, तीस वर्षं पाहिलेले बापाचे ओठ. मी मागे टेकून बसले. डॉक्टरांनी कॅलेंडरवरून मान वर करून, भुवई उडवून, मला खुणेनंच विचारलं, काय म्हणतायत? आणि जिभेवर आलं होतं हो, दोन तीन उत्तरं, चांगली, पटतील अशी. मी खांदे उडवले.